ज्युबिलीचें शिंग आणि समुद्रावरचे दास
(धर्मग्रामाच्या ज्युबिली-समारंभांत दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीनिमित्त मीं चार शब्द बोलावे अशी चालकांची आज्ञा झाली, आणि विषय मीच निवडावा अशी मोकळीकहि त्यांनीं मला दिली. आपल्या देवळाचा पाया कोणी घातला, घंटा कोठून आली, पहिला मिस्सा कोणाच्या पडवींत झाला, असा गोड इतिहास मी सांगेन अशीच त्यांची अपेक्षा असावी. तो इतिहास या अंकांत इतरांनीं माझ्यापेक्षां चांगला लिहिला आहे. मीं विषय घेतला तो समुद्रावरील व्यापाराचा, आणि त्या व्यापारांत कापडाच्या गठ्ठ्यांबरोबर विकल्या गेलेल्या माणसांचा. तें कळल्यावर मंडळींतील एका वृद्ध गृहस्थांनीं मला बाजूस घेऊन हळूच विचारलें, "मास्तर, मंगल दिवशीं हें अमंगळ कशाला?" त्यांना जें उत्तर दिलें तेंच येथें सांगून आरंभ करितों.

ज्युबिली हा शब्द इब्री भाषेंतील 'योबेल' या शब्दापासून आलेला आहे. योबेल म्हणजे मेंढ्याचें शिंग. लेवीय ग्रंथाच्या 25 व्या अध्यायांत सात वेळां सात वर्षें मोजून पन्नासावें वर्ष पवित्र करण्याची आज्ञा आहे. त्या वर्षीं शिंग फुंकावयाचें, हातची गेलेली वडिलार्जित जमीन मूळ कुळास परत करावयाची, आणि दारिद्र्यामुळें जो बांधव दुसऱ्याच्या घरीं राबत असेल त्याला मुलांबाळांसह मोकळें करून घरीं पाठवावयाचें. म्हणजे ज्युबिली ही मुळांत बंधमुक्तीचें वर्ष होय. पताका, बँड व जेवणावळ हीं मागाहून आलीं. त्याच अध्यायांत परराष्ट्रीयांतून विकत घेतलेल्या दासांना मात्र ही सूट नाहीं, हेंहि मला प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. पुढील शतकांतील ख्रिस्ती व्यापाऱ्यांनीं शिंगाचा आवाज सोडून दिला आणि नेमका हा भाग तेवढा कान देऊन ऐकला.

आतां दुसरी शंका. आपण गोंदियाचे लोक. समुद्राशीं आपला संबंध काय? मुंबईचा किनारा येथून आगगाडीनें साडेनऊशें किलोमीटरांहून अधिक दूर. आपलें पाणी म्हणजे वैनगंगेचें, वाघनदीचें, कोहळी लोकांनीं बांधलेल्या तलावांचें, नवेगांव बांधाचें. या सभेंतील कित्येकांनीं समुद्र पाहिलाहि नसेल. परंतु, सज्जनहो, आपण समुद्राकडे गेलों नाहीं तरी समुद्र आपणांकडे आला आहे. आपल्या वरणांतील मिरची, बाजारांतील बटाटा व पेरू, आणि या जिल्ह्यांतील हजारों स्त्रियांच्या सुपांत तेंदूच्या पानाशेजारीं पडलेला तंबाखू, या साऱ्यांची मूळ भूमि अटलांटिकपलीकडील अमेरिका. पोर्तुगीजांच्या जहाजांतून यांतील बहुतेक वस्तु आपल्या किनाऱ्यास लागल्या, आणि तेथून बैलांच्या पाठीवर देशांत शिरल्या. अमेरिकेंत त्याच तंबाखूचे व उंसाचे मळे आफ्रिकेंतून धरून नेलेल्या दासांच्या हातून पिकत होते. आपण 'पगार' म्हणतों तो शब्दहि पोर्तुगीजच आहे. ज्यांच्या घरांत बिनपगारी माणसें रात्रंदिवस राबत होतीं त्यांच्याच तोंडून हा शब्द आपणांस मिळावा, याचें मला नेहमीं नवल वाटत आलें आहे.

पोर्तुगीज येण्यापूर्वीं दासांचा व्यापार नव्हता असें मात्र कोणी समजूं नये. अरबी व्यापारी हबसाणांतून व आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून माणसें आणून इराण, अरबस्तान आणि दख्खन येथें शेंकडों वर्षें विकीत होते. सुमारें 1548 मध्यें हबसाणांत जन्मलेला एक मुलगा असाच हातोहात विकला जात अहमदनगरास आला. निजामशाहीचा पेशवा चंगीजखान यानें त्याला विकत घेतलें. हा पेशवा स्वतःच एके काळीं दास होता. त्या मुलाचें नांव मलिक अंबर. पुढें तोच निजामशाहीचा आधारस्तंभ झाला, त्यानें खडकी वसविली (तीच पुढें औरंगाबाद झाली), मोगलांना त्यानें वर्षानुवर्षें दाद दिली नाहीं, आणि 1626 मध्यें तो मरण पावला. जंजिऱ्याचे सिद्दीहि मूळचे हबसाणचेच. दख्खनांतील दास कधीं कधीं सेनापति होई. ब्राझीलच्या मळ्यांतील दासाला अशी वाट बहुधा कधींच उघडत नसे. हा भेद खरा आहे. तथापि एका मलिक अंबराच्या मागें किती अनामिक मुलें वाटेंतच मेलीं असतील, याचा हिशेब इतिहासकारांनीं कोठें ठेवला?

1498 मध्यें वास्को द गामा कालिकताजवळ उतरला. 1510 मध्यें आल्बुकर्कानें गोवा घेतलें. 1534 च्या तहानें गुजराथच्या बहादूरशहानें वसई आणि आसपासचीं बेटें पोर्तुगीजांना दिलीं. येथून पुढें समुद्र हा जणूं एका राजाची खासगी मिळकत ठरला. पोर्तुगीजांचा परवाना, त्याला ते 'कार्ताझ' म्हणत, जवळ नसेल तें जहाज पकडावें, माल लुटावा, माणसें बंदीत घालावीं, अशी रीत पडली. मोझांबिक बेटावरून हस्तिदंत, सोनें आणि माणसें येत. उलट दिशेनें गुजराथचें कापड जाई. पुढें अठराव्या शतकांत दीव व दमण येथील हिंदु वाण्यांनीं या कापडाच्या व्यापारांत मोठी उलाढाल केली. आफ्रिकेच्या आंतल्या मुलखांत नाण्यांऐवजीं कापडच चाले, आणि त्या कापडावर हस्तिदंत मिळे तसा माणूसहि मिळे. विणकर बिचारा आपल्या मागावर बसून सूत ओढीत असे. आपल्या ठाणाचें शेवटीं काय मोल झालें हें त्याला कधीं कळलेंच नाहीं. आपल्या भागांतील कोष्टी बांधवांच्या मागाचा खटका ऐकला कीं मला त्या दूरच्या विणकराची आठवण होते.

गोव्याच्या बाजाराचें वर्णन दोन परदेशी प्रवाशांनीं करून ठेवलें आहे. एक हॉलंडचा लिन्सखोतेन. हा 1583 मध्यें गोव्यास आला व तेथील आर्चबिशपांच्या पदरीं राहिला. दुसरा फ्रान्सचा पिरार द लावाल. हा 1608 ते 1610 पर्यंत तेथें होता. राजधानीच्या सरळ मोठ्या रस्त्यावर रोज सकाळीं लिलांव भरे. अरबी घोडे, मसाले, जडजवाहीर, गालिचे आणि त्यांच्याच रांगेंत स्त्री-पुरुष दास. दलाल पुकारा करी: ही मुलगी शिवणकाम जाणते, हिला मुरंबे येतात, हा मुलगा वाद्य वाजवितो. घोड्याचे दांत पाहावे तसें गिऱ्हाइकानें माणसाला फिरवून पाहावें. चांगल्या अरबी घोड्याची किंमत चांगल्या दासाच्या कितीतरी पट पडे. रविवारीं आणि सणाच्या दिवशीं बाजार बंद असे. तेवढी धर्मनिष्ठा लोकांच्या ठिकाणीं होती! श्रीमंत गृहस्थ देवळास निघाला म्हणजे एक दास छत्री धरी, दुसरा पाठीमागून गुडघे टेकण्यासाठीं गालिचा व उशी घेऊन चाले. कित्येक मालकांनीं आपल्या दासींना पाणी किंवा मिठाई विकण्यास रस्त्यावर पाठवावें, आणि संध्याकाळीं त्यांची कमाई मोजून घ्यावी.

बंधुजनहो, आतां जें सांगावयाचें तें सांगतांना माझा आवाज थोडा खालीं येतो. या सर्व प्रकारांत आपल्या पवित्र ख्रिस्तसभेचा हात होता काय? होता. 1452 व 1455 मध्यें परमगुरुस्वामी पांचवे निकोलस यांनीं पोर्तुगालच्या राजास जीं आज्ञापत्रें दिलीं, त्यांत जिंकलेल्या अख्रिस्ती लोकांना दास करण्याची मुभा होती. त्याच्याहि आधीं 1435 मध्यें चौथे युजीन यांनीं कॅनरी बेटांतील लोकांना धरून दास करणाऱ्यांस बहिष्काराची धमकी दिली होती, आणि 1537 मध्यें तिसरे पॉल यांनीं नव्या जगांतील लोक हे खरे मनुष्य असून त्यांचें स्वातंत्र्य हिरावतां येणार नाहीं असें जाहीर केलें. एकाच पीठावरून दोन प्रकारचे शब्द निघाले. व्यापाऱ्यांनीं सोयीचे शब्द उचलले, आणि ते उचलूं देणाऱ्या धर्माधिकाऱ्यांची संख्या मोठी होती. 1567 मध्यें गोव्यास धर्मसभा भरली, तिनें मनुष्य कोणकोणत्या कारणांनीं न्यायानें दास ठरतो याचे नियम घातले. पळवून आणलेला माणूस न्यायानें दास नव्हे, हें त्यांत आहे, आणि तें चांगलें आहे. परंतु 'न्यायानें दास' हे दोन शब्द एका ओळींत बसूं शकतात, असें त्या विद्वान मंडळींना वाटलें, याचेंच दुःख होतें. हिंदु किंवा मुसलमान धन्याच्या दासानें स्नानसंस्कार घेतला तर तो त्या धन्याच्या हातून सुटावा असा कायद्याचा कल होता. ख्रिस्ती धन्याच्या दासानें घेतला तर तो ख्रिस्ती दास होई, इतकेंच. मठांना व धर्मगृहांनाहि दास होते. फिलेमोन नांवाच्या सद्गृहस्थास संत पौलानें पत्र लिहून, पळून आलेल्या अनेसिमाला दास म्हणून नव्हे तर प्रिय बंधु म्हणून परत घे असें विनविलें होतें. तें पत्र त्या मठांच्या ग्रंथालयांत खासच असलें पाहिजे.

विक्री केवळ आफ्रिकेच्या लोकांचीच झाली असें नाहीं. आपल्या देशाचींहि माणसें दूर गेलीं. बंगालच्या खाड्यांतून आराकानचे व पोर्तुगीज लुटारू गांवेंच्या गांवें उठवून नेत. मोगल मुलखांत जन्मलेली एक मुलगी चांच्यांच्या हातीं सांपडली. कोचीन येथें तिचा स्नानसंस्कार झाला व तिला कातारिना दे सान ज्वान हें नांव मिळालें. तेथून ती मनिलाच्या बाजारांत, आणि तेथून प्रशांत महासागर ओलांडून 1621 च्या सुमारास मेक्सिकोंत गेली. प्वेब्ला शहरांतील धन्याच्या मृत्यूनंतर ती मुक्त झाली, आणि प्रार्थना व उपवास यांत आयुष्य घालवून 1688 मध्यें ती वारली, तेव्हां सारें शहर तिच्या अंत्यदर्शनास लोटलें. तिच्या येशूसंघीय पापनिवेदन-गुरूंनीं तिचें चरित्र तीन खंडांत छापलें. 1696 मध्यें धर्मन्यायसभेनें त्यावर बंदी घातली. हिंदुस्थानची एक दासी मेक्सिकोंतील लोक संत म्हणून पुजूं लागले होते, हें आपल्यापैकीं किती जणांस ठाऊक होतें? मनिलाच्या वाटेनें गेलेल्या अशा आशियाई दासांना मुक्त करावें असा हुकूम स्पेनच्या राजसत्तेनें 1672 मध्यें काढला.

त्यानंतर अवघ्या पांच वर्षांनीं, 1677 मध्यें, कर्नाटकच्या स्वारींत असतां शिवाजी महाराजांनीं डचांना व्यापाराचा कौल दिला. पूर्वींच्या अमलांत तुम्ही येथून स्त्री-पुरुष दास विकत घेऊन नेत होतां, माझ्या मुलखांत तें चालणार नाहीं, असें त्यांत स्पष्ट बजावलेलें आहे.  मात्र आपल्याच घरीं पुढें काय झालें तेंहि लपवूं नये. पेशवाईंत कुणबिणी व बटकी यांची खरेदी-विक्री होई, सरकारी कारखान्यांत त्या राबत, आणि त्यांच्या किंमतीचीं कागदपत्रें पेशवे दप्तरांत आहेत. 1739 मध्यें चिमाजीआप्पांनीं वसई घेतली. फिरंगी गेले, पण दास्य गेलें नाहीं.

कायदे आले ते सावकाश आले. इंग्रजांनीं 1807 मध्यें दासांचा व्यापार बंद केला, 1833 मध्यें दास्यच बंद करण्याचा कायदा केला. पण त्यांतून कंपनी सरकारचा मुलूख वगळला. हिंदुस्थानांत 1843 चा पांचवा कायदा होईपर्यंत थांबावें लागलें. पोर्तुगालनें 1836 मध्यें व्यापार व 1869 मध्यें दास्य रद्द केलें. अटलांटिकवरून एकंदर सुमारें 1 कोटी 25 लक्ष माणसें जहाजांत चढविलीं गेलीं, त्यांपैकीं सुमारें 1 कोटी 7 लक्ष पलीकडे जिवंत उतरलीं, असा आजच्या अभ्यासकांचा अंदाज आहे. मधल्या अंतराचा अर्थ मी वेगळा सांगत नाहीं.

या कायद्यांच्या काळांतील एक हकीकत मात्र मला सविस्तर सांगावयाची आहे, कारण ती आपल्या महाराष्ट्राची आहे. इंग्रजांच्या आरमारी बोटी अरबी गलबतें पकडीत, आणि त्यांतून सोडविलेलीं आफ्रिकी मुलें मुंबईस आणून सोडीत. मुलें मोकळीं झालीं खरीं. पण घर कोठें, आईबाप कोठें, भाषा कोणाला येते? त्यांपैकीं कित्येक नाशिकजवळ शरणपूर येथें प्रॉटेस्टंट मिशनच्या आश्रमांत वाढलीं. लोहारकाम, सुतारकाम, लिहिणें-वाचणें शिकलीं, गोदावरीच्या कांठीं मोठीं झालीं. 1866 मध्यें डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनीं आफ्रिकेच्या शेवटच्या प्रवासासाठीं यांतील नऊ तरुण बरोबर घेतले. मागाहून आणखी कांहीं गेले, त्यांत जेकब वेनराइट नांवाचा एक होता. 1 मे 1873 रोजीं लिव्हिंग्स्टन चितांबोच्या गांवीं वारले. त्यांच्या सोबत्यांनीं, सुसी, चुमा, वेनराइट आदिकरून मंडळींनीं, त्यांचें हृदय तेथेंच झाडाखालीं पुरलें. प्रार्थना वेनराइटनें वाचली. मग देह वाळवून, गुंडाळून, खांद्यावर घेऊन त्यांनीं कित्येक महिने रानावनांतून समुद्राची वाट धरली. किनाऱ्यावर बागामोयो येथें तो देह पोहोंचला, तेव्हां तो कोठें ठेवला गेला म्हणतां? आपल्या पवित्र आत्मा संघाच्या कॅथोलिक मिशनांत. हें मिशन 1868 मध्यें स्थापन झालेलें, आणि मुक्त केलेल्या दासांचें एक गांवच तेथील धर्मगुरूंनीं वसविलें होतें. प्रॉटेस्टंट प्रवाशाचा देह, नाशिकला वाढलेला मुक्त दास आणि कॅथोलिक देवघर, अशी ती गांठ पडली. 18 एप्रिल 1874 रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबींत दफन झालें, तेव्हां शवपेटी धरणाऱ्यांत जेकब वेनराइट होता.

याच संघाचे फादर जाक-देझिरे लावाल हे 1841 मध्यें मॉरिशस बेटांत गेले. धर्मगुरु होण्यापूर्वीं ते वैद्य होते. 1 फेब्रुवारी 1835 रोजीं तेथील दास मुक्त झाले होते. पण गोरे मळेवाले त्यांना देवळांत शेजारीं बसूं देण्यास तयार नव्हते. फादर लावाल त्यांची बोली शिकले, त्यांच्यांतच राहिले, आणि 1864 मध्यें देवाघरीं गेले. 1979 मध्यें परमगुरुस्वामी दुसरे जॉन पॉल यांनीं त्यांना धन्य घोषित केलें. दास मुक्त होण्याच्या सुमारासच मळेवाल्यांनीं हिंदुस्थानाकडे हात पसरला. 1834 च्या नोव्हेंबरांत 'ॲटलस' जहाजानें 36 डोंगरी मजूर पोर्ट लुई बंदरास नेले, आणि पुढें 1920 पर्यंत सुमारें पांच लक्ष माणसें करारावर त्या घाटाच्या पायऱ्या चढलीं. मुंबईहून गेलेल्यांत कोंकणचे मराठी लोकहि होते. त्यांचे वंशज तेथें अद्याप आहेत. दास आणि करारी मजूर एकच नव्हेत; कराराला मुदत असे, पगार असे. पण ज्याला कागद वाचतां येत नाहीं, त्याचा अंगठा उठविणें कितीसें कठीण? फादर लावाल यांच्या कबरीवर आज ख्रिस्ती, हिंदु, मुसलमान सारेच फुलें वाहतात.

कागदावरील अंगठा म्हटला म्हणजे मला गोंदियाकडे परत यावें लागतें. सालदारी आपल्या वडिलांच्या वेळची. लग्नासाठीं धान्य व पैसे उचलावे आणि ते फेडण्यासाठीं सालामागून सालें धन्याच्या बांधावर जावीं, हें ऐकून कोणास नवल वाटणार नाहीं. वेठबिगारीचा कायदा 1976 मध्यें झाला, म्हणजे हिंदुस्थानांतील दास्याचा कायदा होऊन 133 वर्षें लोटल्यावर. धानाची कापणी उरकली कीं पूर्वेकडील गांवांतून उचल घेऊन परमुलखीं कामास जाणारीं कुटुंबें आजहि आपण फलाटावर पाहतों. त्यांतील प्रत्येक जण दास आहे असें म्हणणें खोटेपणाचें होईल. परंतु कोणाची मुलगी शहरांत घरकामास गेली आणि दोन वर्षें तिचें पत्र नाहीं, फोन नाहीं, असें कानावर आलें, तर फादरांना किंवा सिस्टरांना त्याच दिवशीं सांगावें. वाट पाहूं नये. सुदानांत पळवून विकली गेलेली आणि 1947 मध्यें धर्मभगिनी म्हणून वारलेली बकिता 2000 सालीं संत झाली; तिचा सण 8 फेब्रुवारीस असतो, आणि 2015 पासून त्या दिवशीं मनुष्यविक्रीला बळी पडलेल्यांसाठीं जगभर प्रार्थना होते.

ख्रिस्तसभेचें मौनहि सुटलें आहे. 1839 मध्यें सोळावे ग्रेगरी यांनीं दासांच्या व्यापाराचा निषेध केला. 1992 मध्यें दुसरे जॉन पॉल यांनीं सेनेगालजवळील गोरे बेटावर जाऊन ख्रिस्ती लोकांच्या या पापाबद्दल क्षमा मागितली. आणि 2023 मध्यें रोमनें त्या पंधराव्या शतकांतील आज्ञापत्रांच्या आधारें उभारलेला 'शोधाच्या हक्काचा' सिद्धांत उघडपणें नाकारला. उशीर झाला, हें खरें.

शेवटीं एक विनंती करून बसतों. रेल्वेच्या नोकरीनिमित्त गोव्याहून, वसईहून, मंगळूरहून आलेल्या घराण्यांनीं हें धर्मग्राम भरलें. मागाहून आपल्या खेड्यांतील मंडळी त्यांत मिसळली. डिसोझा, फर्नांडिस, परेरा हीं नांवें आपल्या नोंदवहींत पानोपानीं आहेत. तीं नांवें स्नानसंस्काराच्या वेळीं मिळालीं. कोणाला धर्मपित्याचें, कोणाला धन्याचें. गोव्याच्या जुन्या नोंदवह्यांत दासांच्या ओळी निराळ्या ओळखतां येतात: एकच नांव, आडनांव नाहीं, बापाचें नांव नाहीं, पुढें फक्त 'अमक्याचा दास'. आपल्यापैकीं कोणाचा पूर्वज त्या ओळींत आहे आणि कोणाचा त्या 'अमक्या'च्या जागीं आहे, हें आज सांगतां येत नाहीं; बाकावर आपण शेजारींच बसतों. येत्या नोव्हेंबरांत, मृतांच्या महिन्यांत, मिस्साच्या उद्दिष्टांची यादी लागेल तेव्हां आपापल्या आईवडिलांच्या नांवांखालीं एक ओळ त्या आडनांव नसलेल्यांसाठीं लिहिली जावी, अशी पूज्य फादरांना माझी नम्र विनंती आहे. दक्षिणा मी आजच कचेरींत ठेवून आलों आहें.